पाहुण्याचे ताट आणि यजमानाचे व्रत

धर्मशास्त्राने गृहस्थाला रोज करावयाचे जे पाच महायज्ञ सांगितले, त्यांतील भूतयज्ञ म्हणजे प्राणिमात्रासाठी अन्नाचा वाटा काढून ठेवणे आणि मनुष्ययज्ञ म्हणजे दारी आलेल्या अतिथीला जेवू घालणे. ही दोन्ही कर्तव्ये एकाच चुलीवरच्या अन्नातून पार पाडायची असतात आणि ती एकमेकांच्या आड येत नाहीत, असे सहसा मानले जाते. व्हीगन आहार स्वीकारलेल्या घरात ती आड येतात. मांस, मासे आणि अंडी यांच्याबरोबरच दूध, दही, ताक, तूप आणि मधही वर्ज्य मानणाऱ्या या आहाराला आजचे नाव १९४४ साली इंग्लंडमध्ये मिळाले. पण ज्या घराने गाई-म्हशींच्या दुःखाचा विचार करून दूध सोडले, त्या घराने त्याच दिवशी दूध-तूप खाणाऱ्या आप्तांसाठी आणि पाहुण्यांसाठी काय शिजवावे, हा प्रश्न मुळात धर्माचा आहे आणि त्याची मुळे फार जुनी आहेत.

छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात या प्रश्नाचा एक भाग केव्हाच सुटलेला आहे, ही गोष्ट प्रथम लक्षात घ्यावी लागते. १३२७ साली मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा फौजेबरोबर आला असे सांगितला जाणारा नान-खलिया येथे आजही आवडीने खाल्ला जातो आणि त्याच शहरात जैन, वारकरी व महानुभाव कुटुंबे कटाक्षाने शाकाहार पाळतात. शाकाहारी घरी जेवायला गेलेला मांसाहारी पाहुणा मटणाची अपेक्षा ठेवत नाही, ते मिळाले नाही म्हणून रुसत नाही आणि यजमानालाही आपण आतिथ्यात उणे पडलो असे वाटत नाही. यजमानाचा नियम त्याच्या घराच्या उंबरठ्याच्या आत पाहुण्यालाही लागू होतो, हा संकेत समाजाने न बोलता मान्य केलेला आहे. मग हाच संकेत दुधातुपाच्या बाबतीत का चालत नाही?

तो चालत नाही, याचे कारण तुपाला मराठी पंगतीत पदार्थापेक्षा वेगळा दर्जा आहे. वाढलेल्या भातावर तुपाचा थेंब पडल्यावाचून ताट जेवण्यायोग्य होत नाही, म्हणून अनेक घरांत त्या थेंबालाच ‘अन्नशुद्धी’ म्हणतात. पुरणपोळीवरची तुपाची धार हे यजमानाच्या मनाचे माप असते आणि ताकभाताशिवाय उठणारा पाहुणा अर्धपोटी उठला असे मानले जाते. मांस न वाढणारा यजमान नियमाचा पक्का ठरतो, तर तूप न वाढणारा यजमान हात आखडणारा किंवा परिस्थितीने गांजलेला ठरतो. शिवाय मांसामागे मृत्यू आहे हे सर्वांना दिसते, पण दुधाकडे वात्सल्याची खूण आणि गाईचे दान म्हणून पाहण्याची सवय हजारो वर्षांची आहे. वासराला आधी पाजायचे, गाय पान्हावली की मग धार काढायची आणि एक सड वासरासाठी सोडायचा, ही खेड्यातली जुनी रीत त्या समजुतीला आधारही देत होती.

व्हीगन विचाराचे म्हणणे असे की, तो आधार आता उरलेला नाही. ट्रॅक्टर आल्यावर गोऱ्ह्याची गरज कमी झाली, मार्च २०१५पासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आली, आणि म्हशीच्या नर पारडाला तर ना औताचे काम उरले ना कायद्याचे संरक्षण मिळाले. दुधाच्या धंद्यात त्याच्या वाट्याला उपासमार किंवा खाटिकखाना येतो. शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या पैठणला ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या मुखातून वेद वदवले, अशी कथा मराठी माणूस सातशे वर्षे श्रद्धेने सांगत आला आहे. सर्व भूतांच्या ठायी एकच चैतन्य आहे हे पटवण्यासाठी परंपरेने नेमका तोच प्राणी निवडला, ज्याचे आज दुधाच्या हिशेबात काहीच मोल नाही. ही बाजू मोठी आहे. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, कारण पावसाने दगा दिलेल्या वर्षी मराठवाड्यातल्या अल्पभूधारकाच्या घरात रोख पैसा येतो तो बहुधा दुधाचाच, आणि ज्या ज्वारीच्या भाकरीवर व्हीगन ताट उभे राहते त्या ज्वारीच्या पेरणीत अजूनही कित्येक शिवारांत बैलांचे खांदे राबतात. संपूर्ण अहिंसक घास मिळणे अशक्य आहे, हे व्हीगन मंडळीही मान्य करतात आणि म्हणूनच आपली व्याख्या ‘शक्य आणि व्यवहार्य असेल तेथवर’ अशा मर्यादेने बांधतात. मर्यादा मान्य केली की, ती कोठे आखायची हा प्रश्न विवेकाचा होतो.

त्या विवेकाला लागणारी साधने शहराच्या अगदी जवळ आहेत. वेरूळच्या चौतीस लेण्यांपैकी पहिली बारा बौद्ध आणि शेवटची पाच जैन आहेत, आणि अन्नातील हिंसेच्या प्रश्नाला या दोन परंपरांनी दोन भिन्न टोकांकडून हात घातला आहे. बौद्ध विनयातील ‘त्रिकोटिपरिशुद्ध’ हा नियम भिक्षूसाठी, म्हणजे मूलतः पाहुण्यासाठी आहे: जो प्राणी आपल्यासाठी मारल्याचे पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली, त्याचे मांस घेऊ नये, एरवी भिक्षापात्रात जे पडेल ते स्वीकारावे. घेणाऱ्याने देणाऱ्याच्या चुलीवर हुकूम चालवू नये आणि आपल्यामुळे हिंसा घडणार असेल तर ती मात्र थांबवावी, असा त्याचा भाव आहे. जैन विचाराने कर्त्याकडे पाहिले. ‘कृत’ म्हणजे स्वतः केलेले, ‘कारित’ म्हणजे दुसऱ्याकडून करवलेले आणि ‘अनुमोदित’ म्हणजे दुसऱ्याने केलेल्याला मनाने मान्यता दिलेले, या तिन्ही वाटांनी हिंसेचा दोष लागतो, असे तो सांगतो. पहिला नियम पाहुण्याला नम्र करतो आणि दुसरा यजमानाला सावध करतो. व्हीगन घरातल्या पंगतीला या दोहोंची एकाच वेळी गरज असते.

अतिथीला काय वाढावे हे अनादि काळापासून ठरलेले आहे, असा आक्षेप घेतला जातो, तो इतिहासाला धरून नाही. सन्माननीय पाहुण्याला दही, मध, तूप यांचे मिश्रण अर्पण करण्याचा ‘मधुपर्क’ हा विधी गृह्यसूत्रांत वर्णिलेला आहे. त्या विधीत पाहुण्यासमोर गाय आणली जाई आणि तिचा वध करावा की तिला सोडून द्यावे, हे सांगण्याचा अधिकार पाहुण्याला असे. पुढे मध्ययुगीन निबंधकारांनी मधुपर्कातला पशुवध आणि श्राद्धातले मांस ‘कलिवर्ज्य’ ठरवले, म्हणजे पूर्वी विहित असले तरी कलियुगात करू नये अशा आचारांत घातले, आणि या स्थित्यंतराचा साधार इतिहास भारतरत्न पां. वा. काणे यांनी १९३० ते १९६२ या काळात प्रसिद्ध झालेल्या आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात मांडून ठेवला आहे. व्रत, दान आणि श्राद्ध यांचा कोश म्हणता येईल असा ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा ग्रंथ ज्या हेमाद्रीने रचला, तो यादवांच्या राजधानीत, देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला मंत्री होता, हेही या प्रदेशाच्या वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. करुणेपोटी पाहुण्याचे ताट एकदा बदलले आणि तरीही आतिथ्यधर्म बुडाला नाही. उलट गाय सोडण्याची आज्ञा देणारा पाहुणा त्या बदलात यजमानाचा सोबती होता.

यावरून पाहुण्याचा हक्क नेमका कशावर आहे हे ठरवता येते. त्याचा हक्क तृप्तीवर आहे, सन्मानावर आहे आणि आपण काय खातो हे खरे कळण्यावर आहे. विशिष्ट द्रव्यावर त्याचा हक्क नाही. पाहुण्याने मागितले ते द्यावेच लागते, या कल्पनेचे टोक मराठी घराघरांत वाचल्या जाणाऱ्या ‘शिवलीलामृता’तील श्रियाळ-चांगुणेच्या आख्यानात दिसते, जेथे अतिथी यजमानाच्या बाळाचेच मांस मागतो, पण तो अतिथी स्वतः शंकर असतो, मागणी सत्त्वपरीक्षेची असते आणि बाळ शेवटी जिवंत परत मिळते. या कथेतून भक्तीची परिसीमा कळते, तिचा रोजच्या आतिथ्याचा नियम करता येत नाही.

खरे कळण्याचा हक्क मात्र यजमानाकडून सर्वांत जास्त मोडला जातो. सोयाबीनचे पनीर पाहुण्याला न सांगता खऱ्या पनीरच्या नावाने वाढणे आणि त्याने वाखाणले की मग विजयी मुद्रेने गुपित फोडणे, हा प्रकार काही उत्साही घरांत चालतो. त्यात पाहुण्याच्या विश्वासाची हिंसा आहे आणि शेंगदाणा किंवा सोयाबीन न सोसणाऱ्याच्या बाबतीत ती शरीराचीही होऊ शकते. पंगतीत गोठ्यातल्या क्रौर्याचे वर्णन करणे हेही तसेच अनुचित आहे, कारण तोंडातला घास गिळता येऊ नये अशी स्थिती आणून कोणाचे मतपरिवर्तन करणे आतिथ्याच्या विरुद्ध जाते. पाहुण्याने विचारले तर मोकळेपणाने सांगावे, आणि निमंत्रण देतानाच ‘आमच्याकडे दूध-तूप नसते’ एवढे कळवावे.

तृप्तीच्या बाबतीत मराठवाड्याच्या यजमानाला नक्कल करत बसण्याचे कारणच नाही. भाजलेली धान्ये, हरभऱ्याची डाळ आणि मसाले दळून केलेल्या येसराची तर्रीदार आमटी, गरम ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, कारळाची, जवसाची आणि शेंगदाण्याची चटणी वर कच्चे तेल घालून, लसणाच्या फोडणीचे पिठले, भरली वांगी, आणि सणाचा दिवस असेल तर पुरणपोळीबरोबर गुळवणी आणि कटाची आमटी: या ताटात दूध नव्हतेच, म्हणून ते काढून टाकल्याची पोकळीही नाही. ताकभाताची सवय असलेल्यासाठी शेंगदाण्याचे दही लावता येते. दाणे रात्रभर भिजवून, सोलून, पाण्याबरोबर बारीक वाटून पातळ फडक्यातून गाळायचे, ते दूध उकळून कोमट होऊ द्यायचे आणि विरजणाऐवजी हिरव्या मिरचीची देठे घालून उबेला ठेवायचे. उन्हाळ्यात ते काही तासांत लागते, जिरे-हिंगाची फोडणी दिली की दाण्याचा वास दबतो, आणि तरीही ते ‘दाण्याचे दही’ म्हणूनच वाढावे.

पाहुण्याचा प्रश्न असा बराचसा सुटतो. कुटुंबाचा प्रश्न अधिक अवघड आहे. पाहुणा दोन घटकांसाठी यजमानाच्या नियमात येतो आणि आपल्या घरी परततो, परंतु सासू, नवरा, मुले यांना दुसरे घर नसते आणि स्वयंपाकघरावर त्यांचाही वाटा असतो. व्रताला संकल्प लागतो आणि संकल्प ज्याचा त्यानेच करावा लागतो. महात्मा गांधींनी १९१२ साली टॉलस्टॉय फार्मवर दूध सोडले आणि १९१९मध्ये आजारपणात बकरीचे दूध घेतले, तेव्हा व्रताचे शब्द राखले पण आशय सुटला ही टोचणी त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवली. त्याच आत्मकथेतला दुसरा प्रसंग येथे जास्त उपयोगाचा आहे: कस्तुरबांच्या आजारपणात त्यांनी मीठ आणि कडधान्ये सोडण्याचा आग्रह धरला, हे तुम्हालाही सोडवणार नाही असे त्या म्हणाल्या, आणि गांधींनी तत्क्षणी स्वतः वर्षभरासाठी दोन्ही सोडली. दुसऱ्याच्या ताटावर रोखलेला नियम तेथे स्वतःच्या ताटावर वळला.

घरातल्या वृद्ध सासूला आयुष्यभर तूप-भात लागत आला असेल आणि स्वयंपाक व्हीगन सून करत असेल, तर कृत-कारित-अनुमोदित हे त्रिक लावून पाहता येते. सुनेने लोणी कढवणे हे कृत होईल; ते तिने नाकारले तर तो तिचा अधिकार आहे. तूप मुलाने आणले तर ते तिने करवलेले नाही. उरते अनुमोदन, आणि सासूच्या ताटाशेजारी तुपाची वाटी ठेवण्याने तुपाला मान्यता मिळते की सासूला, याचे उत्तर देणे फारसे कठीण नाही. म्हातारीला रोज मागावे लागणे यात जी हिंसा आहे ती वाटी सरकवण्यात नाही. मुलांविषयी जास्त काळजी घ्यावी लागते, कारण ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतीजन्य अन्नातून भरवशाने मिळत नाही, ते गोळीतून किंवा जीवनसत्त्वयुक्त केलेल्या पदार्थांतूनच द्यावे लागते, आणि स्वतः संकल्प न केलेल्या मुलाच्या शरीरावर आईवडिलांच्या व्रताचा भार पडू देणे भूतयज्ञातही बसत नाही.

सर्वांत नाजूक प्रसंग श्राद्धाचा, कारण तेथे पाहुणे आणि कुटुंब एक होतात आणि खीर व तूप ही विहित द्रव्ये असतात. मीमांसाशास्त्रात ‘प्रतिनिधी’ची, म्हणजे विहित द्रव्याच्या जागी त्याच्याशी साम्य असलेले दुसरे द्रव्य घेण्याची चर्चा आहे आणि सोम न मिळाल्यास पूतीका, साळी न मिळाल्यास नीवार अशी उदाहरणे तेथे येतात, पण ती सवलत द्रव्य न मिळाल्यास आहे, नको असल्यास नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करावे लागते. नारळाच्या दुधाची खीर शास्त्राच्या अक्षराला पुरी पडणार नाही. व्हीगन कर्त्याला आधार मिळतो तो कलिवर्ज्याच्या मार्गाने, कारण विहित असूनही करुणेपोटी सोडण्याची वाट त्या मार्गाने श्राद्धातच पाडली. फरक इतका की तो निर्णय समाजाने मिळून घेतला होता आणि आजचा कर्ता एकटा आहे. पैठणच्या एकनाथांनी (१५३३–१५९९) पितरांसाठी शिजवलेले अन्न दारावरून जाणाऱ्या भुकेल्या महार कुटुंबाला आधी वाढले, ब्राह्मणांनी जेवायला नकार दिला आणि पितर स्वतः येऊन जेवले, ही महिपतींनी सांगितलेली कथा दुधातुपाविषयी काही बोलत नाही आणि ती तशी ताणूही नये. तिच्यातून एवढे मात्र घेता येते की, नियम मोडला हे नाथांनी लपवले नाही आणि नकाराला भिऊन वाढणेही थांबवले नाही. तेव्हा श्राद्धाला बोलावलेल्या गुरुजींना खीर नारळाच्या दुधाची आहे हे आदल्या दिवशीच सांगावे. त्यांना चालत नसेल तर त्यांना मानाने शिधा व दक्षिणा पोचवावी, आणि त्यांच्यासाठी मांडलेल्या पानावर, उपाशी असेल त्याला बसवावे.