घराची मालकी आणि घराची राखण

मनुष्याला स्वतःचे घर का हवे असते? ऊनपावसापासून निवारा भाड्याच्या खोलीतही मिळतो. तरीही चार भिंती आपल्या असाव्यात, ही ओढ सुटत नाही. इंटरनेटवर स्वतःचे संकेतस्थळ उभारणाऱ्यांच्या मनातही हीच ओढ असते. तिचा नैतिक अंगाने विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१९९४ साली अमेरिकेत सुरू झालेली एक सेवा पुढे ‘जिओसिटीज’ या नावाने प्रसिद्धीस आली. तेथे सामान्य माणसाला आपले पान विनामूल्य मांडता येई. पानांच्या वस्त्या असत. ‘हार्टलँड’ ही वस्ती कुटुंबवत्सल मंडळींची. कोणी पाळीव मांजराविषयी लिही, कोणी आपल्या गावाविषयी, तर कोणी दिवंगत आप्ताची आठवण जपून ठेवी. १९९९ साली याहू कंपनीने ती सेवा विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेत बंद केली. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून जमतील तितकी पाने उतरवून घेतली. बाकीची गेली ती कायमचीच. वास्तू दुसऱ्याची असली म्हणजे आठवणीही भाडेकरूच ठरतात.

म्हणून काही जण स्वतःच्या नावाचा पत्ता नोंदवून स्वतंत्र संकेतस्थळ चालवितात. परंतु येथेही एक मर्म आहे. तो पत्ता कायमचा विकत मिळत नाही. ठरावीक मुदतीनंतर शुल्क भरून त्याचे नूतनीकरण करावे लागते. म्हणजे येथेही आपण मालक नसून कारभारीच!

कारभाऱ्याचे कर्तव्य कोणते? वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ साली असे प्रतिपादन केले की, चांगला पत्ता कधी बदलत नाही. वरवर तांत्रिक वाटणाऱ्या या विधानात आम्हांस नीतिविचार दिसतो. दुसरा कोणी आपल्या लेखात आमच्या पानाचा दुवा देतो, तेव्हा तो आमच्यावर विसंबतो. आम्ही ते पान लहरीखातर काढून टाकले, तर त्याचे वाक्य अधांतरी राहते. न मागता मिळालेला विश्वासही पाळावाच लागतो.

सर्वांनाच असे घर परवडते असे नाही. पैसा, कौशल्य, सवड ज्याच्यापाशी नाही, त्याने कंपनीच्या पानावर लिहिले म्हणून तो कमी प्रतीचा ठरत नाही. उलट, स्वतःचे संकेतस्थळ असूनही वर्षानुवर्षे तिकडे न फिरकणारा मालक केवळ नावाचाच.

स्वतंत्र संकेतस्थळाचे मोल त्याच्या दैनंदिन राखणीत आहे: तुटलेले दुवे सांधणे, चुकीची माहिती सुधारणे, मजकुराची प्रत जपणे आणि आपल्यामागे ते कोण सांभाळील हे वेळीच ठरविणे. तेथे टाळ्या क्वचितच वाजतात, वाचकही मोजके येतात. पण वाचकहो, अपरात्री आलेल्या एकाच वाटसरूला दार उघडे मिळावे म्हणून दिवा लावणारा हिशेब मांडीत बसत नाही. तो फक्त तेल संपू देत नाही.