दहा घरांची मंडळी

मराठी ख्रिस्ती लोकांत चर्चला दोन नांवें आहेत. प्रॉटेस्टंट लोक 'मंडळी' म्हणतात, कॅथॉलिक लोक 'ख्रिस्तसभा' म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाच्या दृष्टीनें दोन्ही नांवें योग्यच ठरतील. परंतु मराठी कानाला त्यांतलें अंतर लगेच जाणवतें. सभेला अध्यक्ष लागतो, आणि सभा उठली म्हणजे श्रोता ज्याचा तो मोकळा होतो. मंडळी ओसरीवर बसते, पंगतीला बसते. 'मंडळी आली का?' असें आपण विचारतों, तेव्हां किती आली यापेक्षां कोण कोण आलें हें आपल्या मनांत असतें. (आमच्या मागील पिढीचे गृहस्थ तर पत्नीलाच 'मंडळी' म्हणत, तेव्हां एका व्यक्तीलाहि हा शब्द पुरतो!) ज्या कोणी भाषांतरकारानें हा शब्द उचलला, त्यानें कळत वा नकळत एका जुन्या वादांत आपला कौल देऊन टाकला. धर्मजीवनाचें खरें ठिकाण कोणतें: शेंकडों माणसें जेथें एका सुरांत गातात तें मंदिर, कीं दहाबारा माणसें जेथें एकमेकांना नांवानें ओळखतात ती खोली?

पालघर जिल्ह्यांतील डहाणू आणि तलासरी ह्या तालुक्यांत हा वाद पुस्तकी राहत नाहीं. किनाऱ्याकडे रेल्वे, बाजार आणि चिकूच्या वाड्या. पूर्वेकडे सरकावें तों वारल्यांचे पाडे. येथील गांव म्हणजे देशावरच्याप्रमाणें एका वेशीच्या आंत दाटलेली वस्ती नव्हे. एकाच गांवाचे पाडे टेकडीच्या अल्याडपल्याड विखुरलेले असतात, आणि पावसाळ्यांत ओहोळ फुगला कीं एका पाड्याचें दुसऱ्याशीं येणेंजाणें खुंटतें. अशा मुलखांत एखाद्या पाड्यावर दोनतीनच ख्रिस्ती घरें असलीं, तर त्यांचें धर्मजीवन एक तर त्या घरांतच चालेल किंवा चालणारच नाहीं. शहरांत ज्याची योजना आखावी लागते, तें येथें भूगोलानेंच करून ठेविलें आहे.

ह्याच डहाणूस विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंतील ब्रेदरन पंथाचें मिशन आलें. ह्या पंथाचा जन्मच मुळीं लहान मंडळींत झाला होता. १७०८ सालीं जर्मनींतील श्वार्झेनाऊ गांवीं पांच पुरुष आणि तीन स्त्रिया अशा आठ माणसांनीं एडर नदींत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा पुढारी अलेक्झांडर माक हा पिठाच्या चक्कीचा धंदा करणारा गृहस्थ. त्याला प्रथम बाप्तिस्मा कोणी द्यावयाचा हें त्यांनीं चिठ्ठ्या टाकून ठरविलें, आणि ज्याच्या नांवाची चिठ्ठी निघाली त्याचें नांव बाहेर कळूं द्यावयाचें नाहीं असें आठांनींहि ठरविलें. तें नांव आजवर कळलेलें नाहीं. संस्थापकाच्या तसबिरीखालीं बसून सभा भरविणाऱ्या आपल्या समाजाला ही गोष्ट जरा विलक्षणच वाटेल! पुढें ह्या पंथांत प्रीतिभोजनाची चाल रूढ झाली. एकाच संध्याकाळीं एकमेकांचे पाय धुवावयाचे, एकत्र साधें जेवण करावयाचें, आणि मग प्रभुभोजनाची भाकर व प्याला घ्यावयाचा. त्याच्या आधीं मंडळीचे सेवक घरोघर जाऊन प्रत्येकाला विचारीत, कीं तुमची श्रद्धा कायम आहे ना, आणि मंडळीशीं तुमचें सख्य आहे ना. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपुरास 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' ही संयुक्त मंडळी स्थापन झाली, तींत ब्रेदरनहि सामील झाले. आठ माणसांच्या पंथाची एक शाखा अशा रीतीनें एका फार मोठ्या घरांत राहावयास आली.

त्या सेवकाच्या दुसऱ्या प्रश्नापाशीं आम्ही अडतों. सख्य आहे ना, हें विचारणारा तूं कोण? धर्म ही ज्याची त्याची खासगी बाब, असें मानणाऱ्या आजच्या सुशिक्षित मनाला हा प्रश्न दारांत उभा राहिलेल्या जप्तीदारासारखा वाटतो. आणि ही भीति पोकळ आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. मोठ्या मंदिरांत मागच्या बांकावर बसून निघून जाण्याचें जें स्वातंत्र्य आहे, त्याची किंमत दुःखी माणसाला ठाऊक असते.

परंतु विचारण्याचा अधिकार येतो कोठून, ह्याचें एक मासलेवाईक उदाहरण इंग्लंडच्या इतिहासांत आहे. १७४२ सालीं ब्रिस्टल येथें जॉन वेस्लीच्या अनुयायांवर प्रार्थनागृहाचें कर्ज होतें. प्रत्येकानें आठवड्याला एक पेनी द्यावी, आणि साधारण बारा जणांमागें एकानें ती गोळा करावी, असें ठरलें. वर्गणीवाला घरोघर जाऊं लागला, आणि कोण आजारी आहे, कोणाच्या घरीं दारूनें गोंधळ घातला आहे, कोणापाशीं पेनीहि उरलेली नाहीं, हें त्याच्या नजरेस पडूं लागलें. पैशासाठीं केलेली व्यवस्था माणसांच्या विचारपुशीची व्यवस्था झाली, आणि मेथॉडिस्ट पंथाचा पुढील सारा विस्तार त्या बाराबारांच्या टोळक्यांवर उभा राहिला. अधिकार आधीं नव्हता. तो उंबरठ्यावर येण्याजाण्यानें आला.

आतां हेंच चित्र डहाणू-तलासरींत आणून पाहावें. येथें वारल्याच्या दारीं कोण येत असे? लग्नासाठीं जमीनदाराकडून कर्ज काढावें आणि त्यापायीं नवराबायकोनें त्याच्याकडे राबत आयुष्य घालवावें, ह्या प्रथेला येथें लग्नगडी म्हणत. तेव्हां दारीं येई तो सावकाराचा किंवा जमीनदाराचा माणूस, कामावर हांकून नेण्यासाठीं. २३ मे १९४५ रोजीं झरी येथें वारल्यांची प्रचंड सभा भरली आणि ह्या वेठीविरुद्ध लढा उभा राहिला. गोदावरी परुळेकरांनीं 'जेव्हा माणूस जागा होतो' ह्या पुस्तकांत ती हकीकत सांगितली आहे. ज्या मुलखांत दार ठोठावणें म्हणजे हुकूम, तेथें उपदेशकाचा प्रेमळ प्रश्नहि हुकुमासारखा ऐकूं येण्याचा संभव आहे. म्हणून आमच्या मतें कसोटीचा मुद्दा असा, कीं जो विचारतो त्याला उलट विचारतां येतें कीं नाहीं. मजुरानें सेवकाला, बाईनें पाळकाला, 'तुमचें आमच्याशीं सख्य आहे ना?' असें विचारलें तर चालेल काय? पाय धुण्याच्या विधींत हें उत्तर कृतीनें दिलेलें असतें: जो धुतो त्याचेहि पाय धुतले जातात. ज्यांच्या आज्यापणज्यांना मालकाच्या पायांकडे पाहूनच बोलण्याची संवय लावली गेली, त्यांना ह्या विधीचा अर्थ समजावून देण्यास प्रवचन लागूं नये.

दहांची मंडळी हजारांच्या मंडळीपेक्षां कमी जुलमी असते, असा मात्र कोणी समज करून घेऊं नये. वाळीत टाकणारी जातपंचायत लहानच असते. शिवाय शेजारावर बांधलेली मंडळी शेजाराचाच आकार घेते. नगरकडील ख्रिस्ती मंडळ्यांत महार आणि मांग ह्यांच्यांतला जुना दुरावा बाप्तिस्म्यानंतरहि पुष्कळ काळ टिकला. प्रत्येक वस्तीची वेगळी बैठक झाली असती, तर त्या दुराव्यालाच धर्माचें छप्पर मिळालें असतें. मुंबईच्या कॅथॉलिक धर्मप्रांतांत १९८४ पासून शेजारच्या घरांचे छोटे ख्रिस्ती समूह बांधण्याचा उद्योग चालला आहे. मुंबईच्या इमारतींत तो गुणकारी ठरण्यासारखा आहे, कारण तेथें शेजारी आपण निवडलेला नसतो. मंगळूरचा, वसईचा आणि गोव्याचा माणूस एकाच जिन्यानें चढतो. पाड्यावर शेजारी बहुधा भाऊबंदच! तीच योजना एके ठिकाणीं भिंत पाडते आणि दुसरे ठिकाणीं भिंतीला गिलावा करते. तेव्हां पाड्यावरच्या मंडळीला मोठ्या मंदिराची गरज शहरांतल्यापेक्षां अधिकच आहे. वर्षांतून कांहीं वेळां तरी दुसऱ्या पाड्याचा, दुसऱ्या जमातीचा माणूस शेजारीं बसून त्याच भाकरीचा तुकडा मोडतांना दिसला पाहिजे.

आणखी एक अडचण आहे, ती अधिक नाजूक. पाडा हीच एक जुनी मंडळी आहे. तारपा वाजविणारा मध्यें आणि नाचणारे त्याच्याभोंवतीं, हें वर्तुळ मिशन येण्याच्या फार पूर्वीचें. कणसरीचा उत्सव, धवलेरीनें लावलेलें लग्न, ह्यांत त्या तीन ख्रिस्ती घरांनीं कोठें उभें राहावें? नव्या वर्तुळाचें तोंड आंत असेल तर पाठ आपोआप पाड्याकडे होते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला, त्यांत बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाहि जागा ठेविली. उत्तर उदार होतें. परंतु दोनच वर्षांनीं, १९१९ सालीं, टिळक वारले, आणि दरबाराला पूर्वीचा बहर राहिला नाहीं. ज्या घराला भिंती नसतात तें एका खांबावर फार काळ तोलून राहत नाहीं. तरीहि टिळकांनीं विचारलेला प्रश्न चुकीचा होता असें आम्हांस वाटत नाहीं. शेजाऱ्याच्या मयतीला, दुखण्याला, भाताच्या लावणीला जी लहान मंडळी सर्वांच्या आधीं जाऊन पोंचते, तिला पाड्यापुढें आपला वेगळेपणा निराळा समजावून सांगावा लागणार नाहीं. जी पोंचत नाहीं, तिनें कितीहि समजाविलें तरी पाडा ऐकणार नाहीं.

दिवाळीनंतर ह्या भागांतील पुष्कळ कुटुंबें पोटासाठीं वसई-भिवंडीकडील वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. पाड्यावरची बैठक तेव्हां म्हाताऱ्याकोताऱ्यांवर येऊन पडते. पावसाच्या तोंडावर माणसें परततात. मंदिरांतील उपासनेची भाषा ग्रंथांतली मराठी. तींत उत्तरें पाठ करतां येतात, गाऱ्हाणें मांडतां येत नाहीं. त्या पहिल्या संध्याकाळच्या बैठकीला एखादा उपदेशक डहाणूहून येणार असेल, तर त्यानें वचनाचें पुस्तक उघडण्यापूर्वीं कोणाचा हिशेब भट्टीवाल्यानें पुरा केला, कोणाचा बुडविला, कोणाचें मूल शाळेंतून सुटलें, हें सारें ऐकून घ्यावें लागेल. आणि तें वारली बोलींतच सांगितलें जाईल.