झेरॉक्सवाल्याच्या संगणकात मी

होस्टेलच्या प्रवेशासाठी आधारची प्रत हवी होती. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्या काकांना मी फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल, हे त्यांना तोंडपाठ. नाव समोर दिसतच होतं, त्यांनी फक्त ‘साल?’ एवढंच विचारलं. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये माझ्याआधी आलेल्या पोरापोरींची आधार कार्डं, मार्कशिटा, जातीचे दाखले ओळीने पडले होते. पैसे दिले आणि निघाले.

तेव्हा काही वाटलं नाही. मी नंदुरबारची. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, याचं आमच्याकडे कौतुकच होतं. घरातल्या सगळ्यांचे बारा आकडी नंबर रेशनकार्डाच्या मागे पेनने लिहिलेले असत. ‘आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय?’ असं आई म्हणायची. मलाही ते पटायचं.

दुसऱ्या वर्षाला सायबर सुरक्षा हा विषय आला आणि माझं सगळं लक्ष कुलपांकडे गेलं. त्यातही ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर पडलेल्या दरोड्याने मला झपाटलं. एटीएममध्ये कार्ड घातलं की पैशांची मागणी बँकेच्या मूळ प्रणालीकडे जाते, ती खातं बघते आणि होकार देते. हल्लेखोरांनी मध्येच एक खोटा स्विच उभा केला. होकार तोच देऊ लागला. नकली कार्डांवर काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, दोन दिवसांनी बँकांच्या ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेमार्गे आणखी काही कोटी हाँगकाँगला गेले. एकूण ९४ कोटी. खरं सांगायचं तर चोरांच्या डोक्याचं मला जरा कौतुकच वाटलं. आणि मी ठरवून टाकलं की कुलूप भक्कम असलं की काम झालं.

मग कधीतरी ते झेरॉक्सचं दुकान आठवलं. तिथे कुणीच काही फोडलं नव्हतं. कुलूप मी आपणहून उघडून दिलं होतं. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने ‘आधारची झेरॉक्स वाटेल त्याला देऊ नका’ अशी सूचना काढली होती. गैरअर्थ निघेल म्हणून दोन दिवसांत ती मागेही घेतली गेली. सूचनेपेक्षा मला ती माघारच बोलकी वाटते. प्रत दिल्याशिवाय खोली मिळत नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे.

कुलपापाशी अडकलेली मी एकटीच नव्हते. सर्वोच्च न्यायालयसुद्धा बरीच वर्षं दारापाशीच उभं होतं. उत्तर प्रदेशातला खरक सिंग दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटला, तरी पोलिसांनी त्याच्यावर पाळत ठेवली. रात्री-अपरात्री दार ठोठावायचे, कुठे जातो-येतो ते टिपायचे. १९६२ मध्ये न्यायालयाने रात्रीचं दार ठोठावणं रद्द केलं, पण पाळत चालू राहू दिली. खासगीपणाची हमी राज्यघटनेत नाही, असं बहुमताचं म्हणणं पडलं. न्यायमूर्ती सुब्बा राव यांना ते मान्य नव्हतं. ज्याच्या प्रत्येक पावलावर नजर आहे तो मोकळा फिरतो असं म्हणायचं तरी कसं, असा त्यांच्या वेगळ्या मताचा रोख होता. ते मत खरं ठरायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावं लागलं. आधारविरुद्ध निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी केलेल्या याचिकेतून निघालेल्या प्रश्नावर नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने खासगीपणाला मूलभूत हक्क मानलं. त्याच निकालात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी आणीबाणीतला एक निर्णय चुकीचा ठरवला. तो देणाऱ्यांत त्यांचे वडीलही होते.

निकाल वाचताना ‘खासगी’ या शब्दाशी मी थबकले. आपण तो ‘गुपित’ या अर्थाने वापरतो. होळकरांच्या राज्यात मात्र दौलत आणि खासगी असे दोन वेगळे हिशेब असत. दौलत राज्याची, खासगी राणीच्या अखत्यारीतली. अहिल्याबाईंनी घाट आणि देवळं बांधली ती या खासगीतून. काशीचा घाट काही कुणी लपवून बांधत नाही! म्हणजे खासगी ते, ज्याच्यावर शब्द आपला चालतो. आईच्या प्रश्नाला हे माझं उत्तर, जरी ते मी तिला अजून नीट सांगू शकलेले नाही. लपवण्यासारखं काही नाही, पण कुणाला, कशासाठी आणि किती दिवस द्यायचं, हे मी ठरवणार.

२०२३ चा डेटा संरक्षण कायदा कागदावर साधारण हेच म्हणतो. संमती घ्या, काम झालं की माहिती पुसा, नाहीतर ५० कोटींपर्यंत दंड. त्याचे नियम यायला २०२५ चा नोव्हेंबर लागला, आणि सरकारने स्वतःसाठी ठेवलेल्या पळवाटा इतक्या रुंद आहेत की खरक सिंगची आठवण यावी.

परवा दुकानात गेले. ‘काका, माझी ती फाइल काढून टाकता का?’

‘कुठली गं? हजारभर असतील. तूच शोध.’ त्यांनी माऊस माझ्या हातात दिला.

मी खाली खाली जात राहिले. ओळखीच्या दोन मुली दिसल्या, आमचे एक सर दिसले, जन्मतारखेसकट. माझी फाइल तीनदा उतरवलेली होती.