हिंसा आणि दोषनिर्णय

पोलिसांनी एखाद्या घरात शिरून पाळलेले कुत्रे गोळी घालून मारले, असे ऐकताच मनात क्रोध उठतो. अशा वेळी ‘सर्व कळेपर्यंत निर्णय राखून ठेवा’ असे कोणी म्हटल्यास अहिंसाधर्मीयाने ते मानावे काय, असा प्रश्न एका वासनिकांनी केला. तो घडलेल्या प्रसंगावरच तपासून पाहू.

अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात बर्विन हाइट्स हे लहानसे गाव आहे. २९ जुलै २००८ रोजी तेथील महापौर काल्व्हो यांच्या घरी पत्नीच्या नावे एक पार्सल आले. त्यात सुमारे ३२ पौंड गांजा होता. पोलिसांना हे आधीच कळले होते. त्यांच्यातील एकानेच पार्सलवाल्याचा वेष घेऊन ते दाराशी पोहोचविले. काल्व्हो कुत्र्यांना फिरवून परतले आणि पार्सल न उघडताच आत ठेवले. थोड्याच वेळात सशस्त्र पथक दार फोडून शिरले. पेटन व चेस ही दोन लॅब्राडोर कुत्री मारली गेली. काल्व्हो आणि त्यांच्या सासूबाई यांचे हात बांधले गेले. पुढे उघड झाले की, तस्कर अनभिज्ञ लोकांच्या पत्त्यांवर माल पाठवून तो मध्येच उचलीत असत. कुटुंब निर्दोष होते.

त्या रात्री बातमी ऐकणाऱ्याने तत्काळ निर्णय दिला असता, तर कदाचित महापौरासच तस्कर ठरविले असते. पोलिसांनी तेच केले. म्हणजे निर्णय राखणे ही केवळ पोलिसांवरची कृपा नव्हे. तिची पहिली गरज त्या घराला होती.

परंतु राखावयाचे काय? जीव मारला गेला, ही हिंसा. ती म्हणण्यास चौकशीची वाट पाहणे नको. राखावयाचा तो कर्त्याच्या दोषाचा निर्णय. कारण त्यात भय, अज्ञान, आज्ञा यांचा विचार येतो. पोलिसांच्या बळप्रयोगाविषयी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये ठरविले की, मागाहून झालेल्या ज्ञानाने नव्हे, तर त्या जागी, त्या क्षणी असलेल्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने पाहावे. हे न्याय्य आहे. अनोळखी कुत्रे अंगावर आले असे वाटल्यास विचाराला अवधी कुठला? मात्र तो क्षण आपोआप आला नव्हता. दार फोडण्याचे ज्यांनी योजिले, त्यांना अवधी होता. गावच्या पोलिसांस विचारता आले असते. ते विचारले नाही. क्षणाची सवलत बंदूक धरणाऱ्यास द्यावी, योजकास नव्हे.

सर्वज्ञांच्या आश्रयास आलेल्या सशाची लीळा आपण जाणतो. तेथे पाठलागात कुत्री होती, येथे कुत्रीच मारली गेली. सर्वज्ञांनी आधी सशास रक्षिले. पारध्यांच्या दोषाची चर्चा मांडून रक्षण थांबविले नाही, आणि पारध्यांनाही झिडकारले नाही.

राखलेल्या निर्णयास मुदतही हवी. २००९ मध्ये शेरीफने आपल्या माणसांची चूक नाही असे सांगितले. काल्व्हो यांना ते मान्य नव्हते. २०११ मध्ये दाव्यात तडजोड झाली. तोवर पार्सलाची, चौकशी न केल्याची हकिकत उघड होती. त्यानंतरही ‘अजून काही म्हणवत नाही’ म्हणणे हा पक्षपातच होय. २००९ मध्ये मेरीलँडने अशा पथकांच्या छाप्यांचा अहवाल दर सहा महिन्यांनी देण्याचा कायदा केला. त्यात माणसांबरोबर जखमी वा मृत पाळीव प्राण्यांचीही नोंद मागितली होती. २०१४ मध्ये त्या कायद्याची मुदत संपली.