थोरल्याने काय सोडलं?

घरातल्या वाटणीची गोष्ट गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. विहीर कुणाच्या वाट्याला गेली आणि कलमी आंबा कुणाच्या, हे पुढे कुणी विचारत नाही. थोरल्याने आधी काय सोडलं, एवढं मात्र लक्षात राहतं.

इंडोनेशियाची राष्ट्रभाषा 'बहासा इंडोनेशिया'. त्यातला 'बहासा' म्हणजे आपलाच 'भाषा' हा शब्द. पण ही तिथल्या थोरल्याची भाषा नव्हे. आजही त्या देशात दर 10 माणसांमागे सुमारे 4 जावानी आहेत. जावानी भाषेला शतकांचं साहित्य आहे, राजदरबारांची परंपरा आहे. तरीही 28 ऑक्टोबर 1928 रोजी, डचांच्या अमलाखालच्या बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, तरुणांच्या परिषदेने शपथ घेतली ती मलय भाषेला ऐक्याची भाषा मानण्याची. मलय ही बंदरांत आणि बाजारांत चालणारी भाषा. मसुदा सुमात्राच्या मुहम्मद यामिनचा, आणि अध्यक्ष सुगोंदो जोयोपुस्पितो मात्र जावानी. शपथेचे शब्दही पाहण्यासारखे आहेत. मायभूमी एक, राष्ट्र एक, असं पहिल्या दोन कलमांत आहे. तिसऱ्यात 'एकच भाषा' असं म्हटलेलं नाही. ऐक्याच्या भाषेचा मान राखू, एवढंच म्हटलं आहे. घरची भाषा घरी राहिली.

जावानी का मागे पडली, त्याचं एक कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. आपण 'गिळ', 'जेव', 'भोजन घ्या' म्हणतो, तेव्हा समोरचा कोण हे कळतंच. जावानीत हा भेद भाषेच्या हाडीमांसी आहे. जेवणासाठी बरोबरीच्याला 'मांगान', औपचारिक बोलण्यात 'नेढा', वडीलधाऱ्याला 'धाहार'. तोंड उघडण्याआधी समोरच्याची पायरी ठरवावी लागते. सगळे सारखे म्हणून एकत्र यायचं, तर अशा भाषेत सभा चालवणं अवघडच. अर्थात हा निव्वळ त्याग नव्हता. मलय व्यापारात रुळलेली होती, डचांच्या कचेऱ्यांतही चालत होती. शिवाय भाषा सोडली म्हणून जावाने सत्ता सोडली असंही नाही; राजधानी जावा बेटावरच राहिली आणि बहुतेक राष्ट्राध्यक्षही जावानीच झाले. तरी नव्या देशात पाऊल टाकताना शेजारच्या बेटावरच्या माणसाइतकंच जावानी मुलालाही नवी भाषा शिकावी लागली, याला मी मोल देतो.

पुढे 18 ऑगस्ट 1945 ला, स्वातंत्र्याच्या घोषणेच्या दुसऱ्याच दिवशी, तसंच घडलं. मुसलमानांनी शरियत पाळणं बंधनकारक ठरवणारे शब्द घटनेच्या मसुद्यातून वगळले गेले. पूर्वेकडच्या बेटांवरच्या ख्रिस्ती लोकांना ते मान्य नव्हते. देशात बहुसंख्य मुसलमान असताना हा बदल झाला.

त्या शपथेच्या घराकडे पुन्हा वळतो. परिषदेची शेवटची बैठक झाली ते घर म्हणजे विद्यार्थ्यांचं वसतिगृह, मालक सी कोंग लिआन. चिनी वंशाचा माणूस. त्याच बैठकीत वागे रुडॉल्फ सुप्रतमान या तरुणाने 'इंडोनेशिया राया' ही आपली चाल पहिल्यांदा वाजवली. डच पोलिसांचं लक्ष होतं, म्हणून शब्द गाळून नुसत्या व्हायोलिनवर. पुढे तेच राष्ट्रगीत झालं, आणि घराचं आज संग्रहालय आहे.

राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंच्या राजवटीत देश एकसंध करण्याचं काम सरकारने हाती घेतलं, आणि या वेळी सोडायला लावलं ते धाकट्याला. चिनी वंशाच्या लोकांवर इंडोनेशियन वळणाची नावं घेण्याचं दडपण आलं. 1967 च्या हुकमाने त्यांचे सणवार उंबऱ्याच्या आत कोंडले गेले. नवं वर्ष रस्त्यावर साजरं करायचं नाही. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्यांकडेही नागरिकत्वाचा वेगळा दाखला मागितला जाई. शाळाशाळांतून ऐक्याचे धडे चालूच होते. तो हुकूम राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांनी मागे घेतला तो 2000 साली. 2003 पासून चिनी नववर्षाला राष्ट्रीय सुट्टी आहे.

बॅडमिंटनच्या जुन्या चाहत्यांना 1992 चं बार्सिलोना आठवत असेल. सुसी सुसांती महिला एकेरीत जिंकली. इंडोनेशियाचं ते पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण. सुसीही चिनी वंशाची. झेंडा वर चढत होता, सी कोंग लिआनच्या घरात पहिल्यांदा वाजलेली ती चाल मैदानभर ऐकू येत होती, आणि सुसीच्या गालांवरून आसवं ओघळत होती. तो हुकूम उठायला अजून 8 वर्षं होती.