ऐकू न येण्याची लाज

आपल्या गोष्टींत, वगनाट्यांत आणि घरगुती थट्टामस्करीत बहिऱ्या माणसाला जे स्थान मिळालेले आहे, त्याचा कधी स्वस्थपणे विचार केला तर मन ओशाळल्याखेरीज राहत नाही. आंधळा रंगमंचावर आला की प्रेक्षकांचे मन द्रवते, पांगळ्याला पाहून कोणीतरी हात पुढे करतो. परंतु बहिरा आला, कोणी एक विचारले आणि त्याने भलतेच उत्तर दिले, की सारा मांडव खो खो हसतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या या वैकल्यात आपल्याला माणसाची व्यथा दिसत नाही, दिसते ती फक्त त्याची चूक, आणि चुकीला हसण्याची मुभा आपण फार लवकर घेतो. ज्या गोष्टीने आपले हसे होणार ती गोष्ट कोणताही स्वाभिमानी मनुष्य लपवूनच ठेवणार. श्रवणदोषावरचा इलाज वर्षानुवर्षे लांबणीवर पडतो त्याच्या मुळाशी अज्ञान आहे, दारिद्र्य आहे, दवाखान्याचे अंतर आहे, हे सारे कबूल करूनही मला असे वाटते की, या लपवालपवीचा त्यातला वाटा फार मोठा आहे आणि तिची जबाबदारी ज्यांना धड ऐकू येते त्यांच्यावर, म्हणजे आपल्यावरच, येऊन पडते.

या लाजेचा सर्वांत हृदयद्रावक दाखला पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासात नमूद आहे. संगीतकार बीथोव्हेनने २९ जून १८०१ रोजी व्हिएन्नाहून आपल्या बालमित्राला, डॉ. वेगेलरला, एक पत्र लिहिले. त्या वेळी त्याचे वय अवघे तीस वर्षांचे होते. जवळजवळ दोन वर्षे आपण लोकांच्या बैठकींत जाण्याचे टाळत आहो, कारण आपण बहिरे आहो हे लोकांना सांगणे आपल्याला अशक्य आहे, अशी कबुली त्याने त्या पत्रात दिली आणि ही हकीकत कोणालाही कळू देऊ नये अशी विनवणी केली. वैद्यांनी त्याला कानासाठी बदामाचे तेल दिले, डॅन्यूबच्या कोमट पाण्याची स्नाने सांगितली. त्या काळच्या शास्त्राजवळ याहून अधिक काही नव्हते. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १८०२ मध्ये, हायलिगेनश्टाट नावाच्या खेड्यात त्याने आपल्या भावांना उद्देशून जो लेख लिहून ठेवला, तो त्याच्या मृत्यूनंतर १८२७ मध्ये कागदपत्रांत सापडला. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला दूरवरची बासरी ऐकू यावी आणि आपल्याला काहीच ऐकू येऊ नये, या अपमानाने आपण जीव देण्याच्या टोकाला आलो होतो आणि केवळ कलेने आपल्याला मागे खेचले, असे त्याने त्यात लिहिले आहे. लोक आपल्याला माणूसघाणा, हट्टी आणि तिरसट समजतात, पण त्यामागचे कारण त्यांना ठाऊक नाही, ही त्याची मुख्य तक्रार होती. आणि आपल्या मृत्यूनंतर वैद्याने या रोगाचे वर्णन प्रसिद्ध करावे, म्हणजे निदान मेल्यावर तरी जगाचे आणि आपले मनोमालिन्य दूर होईल, अशी त्याची इच्छा होती.

१८०१ च्या त्या पत्रात आणखी एक मजकूर आहे, आणि तो आजच्या कोणत्याही श्रवणतज्ज्ञाला ओळखीचा वाटेल. वाद्यांचे आणि गायकांचे उंच स्वर आपल्याला दुरून ऐकू येत नाहीत. कोणी हळू बोलले तर आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाहीत. आणि कोणी ओरडले तर ते सहन होत नाही, असे त्याने लिहिले होते. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांची तक्रार याहून निराळी असते काय? आजोबा म्हणतात, 'जरा मोठ्यानं बोल रे'. नातू आवाज चढवतो. लगेच आजोबा चिडून म्हणतात, 'ओरडतोस कशाला? मी काही बहिरा नाही!' घरातल्यांना हा विक्षिप्तपणा वाटतो. परंतु अंतःकर्णातील सूक्ष्म केशपेशी झिजल्या म्हणजे क्षीण आवाज पोहोचेनासा होतो आणि मोठा आवाज मात्र पूर्वीइतकाच, कित्येकदा पूर्वीपेक्षाही अधिक, टोचतो. न ऐकू येणे आणि असह्य होणे यांच्यामधली पट्टी अरुंद होते, आणि त्या अरुंद पट्टीत आपले बोलणे नेमके बसविणे हे घाईत असलेल्या घराला जमत नाही.

या पेशी प्रत्येक कानात सुमारे पंधरा हजार असतात, आणि जन्मापूर्वी तयार झालेल्या या ठेवीत मनुष्याच्या बाबतीत पुढे कधीही भर पडत नाही. अंतःकर्णातील शंखाकृती नळीच्या, म्हणजे कर्णशंखाच्या, प्रवेशाशी असलेल्या पेशी उंच स्वरांसाठी असतात आणि बहुधा त्याच आधी झिजतात. आता बोलण्यातले स्वर, म्हणजे अ, आ, ओ हे खालच्या पट्टीतले आणि जोरकस. उलट स, श, फ, त, ट यांसारखी व्यंजने उंच पट्टीतली आणि दुबळी. त्यामुळे आवाज येतो पण अर्थ येत नाही: 'साठ' म्हटले तर 'आठ' ऐकू येते आणि बाजारात भांडण होते. शांत खोलीत समोरासमोर बसून मुलाच्या जाड आवाजातले बोलणे कळते, आणि स्वयंपाकघरात भांडी वाजत असताना पाठमोऱ्या सुनेने किंवा चिमुरड्या नातीने म्हटलेले वाक्य हरवते. मग घरात ते वाक्य उच्चारले जाते, जे महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांनी कधी ना कधी उच्चारलेले आहे: 'त्यांना हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं!' शास्त्रदृष्ट्या निराधार आणि नीतिदृष्ट्या क्रूर असे याहून दुसरे वाक्य मला सहसा आढळलेले नाही. ज्याला खरोखरच कधी ऐकू येते आणि कधी येत नाही, अशा माणसावर आपण लबाडीचा आरोप ठेवतो, आणि आरोपी असा की ज्याला फिर्यादच नीट ऐकू येत नाही.

आमच्या नात्यातले एक वृद्ध गृहस्थ मुलकी खात्यात अव्वल कारकून होते. कचेरीत ज्यांच्या स्मरणशक्तीचा दबदबा होता, ते निवृत्तीनंतर लग्नकार्यात एका कोपऱ्यात बसून प्रत्येकाच्या बोलण्यावर मान डोलवू लागले. समजले नाही तरी हसायचे, प्रश्न आला तर 'हो, हो' म्हणायचे, आणि मग हळूहळू कार्यांना जायचेच बंद करायचे, हा त्यांचा क्रम झाला. घरच्यांनी त्याला निरिच्छपणा असे गोंडस नाव दिले. वानप्रस्थाची एवढी थोर कल्पना ज्या संस्कृतीत आहे, तिथे एकाकीपणावर वैराग्याचे पांघरूण घालणे फार सोपे जाते.

आणि हा एकांत निरुपद्रवी नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने २०१७, २०२० आणि २०२४ अशा तिन्ही अहवालांत, स्मृतिभ्रंशाच्या ज्या कारणांना आळा घालणे शक्य आहे त्यांत श्रवणदोषाची गणना केली आहे. श्रवणयंत्राने स्मृतिभ्रंश टळतोच असे म्हणण्याइतका पुरावा अद्याप हाती नाही, आणि तसे कोणी जाहिरातीत म्हणत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. अमेरिकेत सत्तर ते चौऱ्याऐंशी वर्षे वयाच्या सुमारे एक हजार व्यक्तींवर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन वर्षांअखेर सरसकट सर्वांना लाभ दिसला नाही, मात्र ज्यांना आधीच अधिक धोका होता त्यांच्यात बुद्धीचा ऱ्हास निम्म्याच्या आसपास मंदावलेला आढळला. एवढेही माझ्या दृष्टीने पुष्कळ आहे.

परंतु दिरंगाईचे खरे मोल मोजावे लागते ते पाळण्यातल्या जिवाला. वृद्धाजवळ निदान आयुष्यभर मिळविलेली भाषा असते. जन्मतः बधिर असलेल्या बालकाजवळ तीही नसते, आणि भाषा रुजण्याची जी पहिली दोन-तीन वर्षे, ती कोणासाठी थांबत नाहीत. असे मूल रडते, हसते, सुरुवातीला हुंकारही देते. मागून थाळी वाजविली तर हादऱ्याने किंवा सावलीने वळूनही पाहते, आणि आजीची खातरजमा होते. पुढे बोलणे उमटेना म्हणजे 'मुलगे उशिराच बोलतात', 'याचा बाप तरी कुठं लवकर बोलला?' अशा धीराच्या शब्दांत दोन वर्षे निघून जातात. त्या धीरात माया असते, याबद्दल मला शंका नाही. पण ती माया मुलाच्या भाषेची मुदत संपवीत असते.

डेव्हिड केम्प या इंग्लिश शास्त्रज्ञाने १९७८ साली असे दाखवून दिले की, निरोगी कान केवळ ध्वनी घेत नाही, उत्तरादाखल स्वतःही अतिशय क्षीण ध्वनी परत पाठवितो. त्या शोधामुळे आज झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या कानात एक छोटी नळी बसवून, काही मिनिटांत, त्याला इजा न करता तपासणी करता येते. १९९८ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातून जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात वयाच्या सहा महिन्यांपूर्वी दोष ओळखला गेलेली मुले, नंतर ओळखल्या गेलेल्या मुलांपेक्षा भाषेत ठळकपणे पुढे आढळली. म्हणून पहिल्या महिन्यात प्राथमिक चाळणी-तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्के निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपाययोजना, असा दंडक तज्ज्ञांनी घालून दिला आहे. आपल्याकडे २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बधिरत्वाची तपासणी अंतर्भूत आहे. सरकारच्या अर्थसाहाय्याने लहान मुलांच्या कानात कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे श्रवणतंतूला थेट संकेत देणारे उपकरण, बसविण्याची तजवीजही आहे. आणि मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच कामासाठी उभी आहे. तरीही तालुक्याच्या गावी प्रसूत झालेल्या मातेला दवाखान्यातून निघताना लशींचे कार्ड मिळते, पण बाळाच्या कानांबद्दल तिला कोणी चकार शब्द सांगितला असेल, याची शाश्वती नसते.

उपाय म्हणजे केवळ यंत्र, असे मात्र मी म्हणत नाही. इम्प्लांटनंतरही वर्षानुवर्षे वाचाशिक्षण लागते, आणि ज्या मुलाला त्याचा उपयोग होणार नाही किंवा ज्याच्या आईबापांची निवड निराळी आहे, त्या मुलासाठी सांकेतिक भाषा ही कमी प्रतीची भाषा नव्हे. भाषा कानातून यावी की हातांतून यावी याबद्दल मतभेद असू द्यावेत. ती वेळेवर यावी, याबद्दल नसावेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात सुमारे त्रेचाळीस कोटी लोकांना श्रवणदोषासाठी उपचाराची वा साहाय्याची गरज आहे, आणि बालपणातल्या श्रवणदोषाची साठ टक्के कारणे टाळता येण्याजोगी आहेत. वाहणारा कान हे त्यांतले एक; त्यात कढत तेल ओतण्याची रीत अजूनही सुटलेली नाही. गरोदरपणातला रुबेला, तान्हेपणातली तीव्र कावीळ, मेंदूज्वर ही आणखी काही. मोठेपणी त्यात गोंगाटाची भर पडते: ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालतो असे मानले, तर दर तीन डेसिबलांच्या वाढीला मुदत निम्मी होत होत १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. यंत्रमागाच्या खटखटाटात उभे आयुष्य काढलेला विणकर हा हिशेब न शिकताच जाणतो. मिरवणुकीत ध्वनिवर्धकांच्या भिंतीपुढे खांद्यावर बसविलेल्या पोराला तो कोणी सांगितलेलाच नसतो. आणि एका कानाने अचानक, एका रात्रीत, ऐकू येईनासे झाले तर मळ असेल म्हणून आठवडा दवडू नये; ती तातडीची बाब आहे, आणि पहिल्या काही दिवसांत औषध मिळाले तर ऐकणे परत येण्याची आशा अधिक असते.

वृद्धांच्या बाबतीत सर्वांत कठीण टप्पा यंत्र विकत घेण्याचा नव्हे, तर त्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांचा असतो. चष्मा लावताच अक्षर स्पष्ट होते. श्रवणयंत्र लावताच मात्र पंखा, पाण्याचा नळ, वर्तमानपत्राची घडी, स्वतःचे चावणे असे सारे एकदम अंगावर येते, कारण मेंदूला त्या आवाजांचा विसर पडलेला असतो आणि त्यांतून बोलणे वेगळे काढण्याची कला त्याला पुन्हा शिकावी लागते. नेमके याच काळात घरातले म्हणतात, 'एवढे पैसे घातले, तरी तुमचं आपलं तेच!' आणि यंत्र कपाटाच्या खणात जाऊन पडते. म्हणून तपासणीच्या दिवशी आणि यंत्र जुळविण्याच्या प्रत्येक खेपेला घरातल्या एकाने बरोबर जावे. काय सांगितले ते नीट ऐकून घ्यावे, कारण ज्याच्यासाठी ते सांगितले जाते त्याला ते अर्धेच पोहोचत असते. सुरुवातीस रोज थोडा वेळ, शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना यंत्र वापरू द्यावे. बोलताना समोर बसावे, आपल्या चेहऱ्यावर उजेड असावा, टीव्ही बंद असावा, आवाज चढविण्याऐवजी वेग कमी करावा. आणि एकदा सांगितलेले कळले नाही तर तेच शब्द पुन्हा न फेकता वाक्य बदलून सांगावे. पंगतीत त्यांना भिंतीकडे पाठ करून, सर्वांची तोंडे दिसतील अशा जागी बसवावे. आणि सगळे कशाला हसले ते त्यांनी विचारले, तर 'काही नाही, जाऊ द्या' असे न म्हणता पहिल्यापासून सांगावे.