सौहार्द आज्ञेनें येतें काय?

दरवर्षीं जुलैच्या २१ तारखेच्या सुमारास सिंगापुरांतील शाळांतून मुलें रोजचा गणवेश बाजूस ठेवून चिनी, मलायी, तमिळ असे नाना तऱ्हेचे पोशाख करून येतात. कांहीं तर मुद्दाम शेजारच्या बाकावरील मुलाच्या समाजाचा वेष घालतात. १९९७ पासून शाळांतून पाळला जाणारा हा ‘वांशिक सलोखा दिन’ होय. हें ऐकून कोणी सुज्ञ मनुष्य विचारील कीं, सद्भाव ही अंतःकरणाची वस्तु. ती परिपत्रकानें उत्पन्न कशी होणार? वर्षांतून एक दिवस ठरवून दाखविलेलें प्रेम म्हणजे नाटक नव्हे काय?

हा आक्षेप हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. प्रेमभावना आज्ञेनें निर्माण होत नाहीं, हें कांटनेंहि मान्य केलें आहे. परंतु परोपकाराचें आचरण कर्तव्य म्हणून सांगतां येतें, असेंहि त्यानें म्हटलें आहे. आपण संक्रांतीस तिळगूळ देतांना समोरच्याच्या मनाची झडती घेत नाहीं; केवळ गोड बोलण्याची विनंती करतों. वर्षभर अबोला धरलेले दोन शेजारी त्या निमित्तानें एकमेकांच्या दारांत उभे राहतात. निमित्ताचें हें मोल थोडें नव्हे.

शिवाय सिंगापूरनें निवडलेली तारीख आनंदाची नाहीं. १९६४ सालीं, तें शहर मलेशियाचा घटक असतांना, याच तारखेस पैगंबरजयंतीच्या मिरवणुकींत मलायी व चिनी लोकांत दंगा उसळला. २३ माणसें मेलीं, साडेचारशेंहून अधिक जखमी झालीं. सप्टेंबरांत पुन्हां दंगा होऊन आणखी १३ बळी पडले. म्हणजे हा दिवस जयंतीचा नसून श्राद्धतिथीच्या जातीचा आहे. आपलें शहर किती थोर, हें सांगण्यास कोणतीहि तिथि चालते. आपल्या हातून काय घडलें, हें आठवण्यास तीच तिथि लागते.

परंतु पोशाखांस खर्च फारसा नसतो. खरी कसोटी पुढेंच आहे. त्या नगरींत तीन-चतुर्थांशांहून अधिक रहिवासी सरकारनें बांधलेल्या घरांतून राहतात. एकाच समाजाची वेगळी वस्ती होऊं नये, या स्तुत्य हेतूनें १९८९ पासून प्रत्येक इमारतींत व वस्तींत निरनिराळ्या वंशांच्या कुटुंबांचें कमाल प्रमाण ठरविलेलें आहे. आतां एखाद्या इमारतींत चिनी कुटुंबांची मर्यादा भरली, कीं तेथील तमिळ अथवा मलायी मालकास आपलें घर चिनी गिऱ्हाइकास विकतां येत नाहीं. गिऱ्हाइकें थोडीं, म्हणून किंमतहि पुष्कळदां थोडी. सरकारनें ही अडचण मान्य केली असून, २०२२ पासून विशेष नड असलेल्या कांहीं मालकांचीं घरें परत विकत घेण्याची सोयहि केली आहे.

सलोख्याचें फळ सर्वांनीं चाखावें आणि त्याची किंमत मात्र अल्पसंख्य समाजांतील एखाद्या गृहस्थानें आयुष्याच्या पुंजींतून द्यावी, हें न्याय्य आहे काय? नियमच मोडीत काढणें हा उपाय नव्हे; १९६४ ची पुनरावृत्ति त्याहून महाग पडेल. परंतु जें सर्वांच्या हिताचें आहे, त्याची तूट सर्वांच्या तिजोरींतून भरून निघावी, आणि तीहि कृपा म्हणून नव्हे, हक्क म्हणून, एवढें न्याय खचित मागतो.

मुलें एक दिवस दुसऱ्याचा वेष घालून पाहतात. त्याच दिवशीं मोठ्या माणसांनीं दुसऱ्याच्या घराची खोट आपली मानून पाहिली, तर त्या दिवसास नाटक म्हणण्याचें धाडस मी तरी करणार नाहीं.